धान भिजवल्याचं पाणी

गांडुळं भिंतीवर चढत होती. मी शेडच्या दारातच थबकलो. खताच्या बेडमधून बाहेर पडून ती विटांवर, बांबूंवर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटली होती. ज्यांना चढता आलं नाही त्यांचा खाली लगदा झाला होता. आंबट, कुजका वास सुटलेला. मला शिसारी आली आणि त्याहून जास्त राग आला.

ही देवरीच्या रस्त्यावरची उसना तांदळाची मिल. उसना म्हणजे धान आधी गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफवून, वाळवून भरडायचं. बॉयलरमध्ये तूस जळतं आणि त्याची काळी राख बाया टोपल्यांनी बाहेर काढतात. कुजलेलं तूस आणि वाया गेलेला कोंडा शेणात मिसळून गांडुळांना खाऊ घालायचा, त्याचं खत करायचं, हे मी एका संस्थेतर्फे तिथे शिकवत होतो. मिलच्या मालक शेठजींनी मागची जागा दिली, पण अट घालून. पावसाच्या आत खत दिसलं तर शेड राहील, नाहीतर तिथे राख टाकली जाईल.

शेड सांभाळायच्या फुलाबाई. आधी त्या राखेवरच होत्या. खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला तेव्हा डॉक्टरांनी राखेचं काम सोडायला सांगितलं. मिलमध्ये बिनराखेचं काम त्यांच्यासाठी हे एवढंच होतं.

बेडवर काय टाकलं, मी विचारलं.

"धानाचं पानी टाकलो, सर. थंडं करूनच टाकलो. आमच्या गाई हेच पेतेत, मंग यायले काऊन नाई चालत?"

यावर मी चिडणार कसा? तांदळाचं धुवण, पेज जनावरापुढे ठेवायची इथे घरोघरची रीत. बेड ओला ठेवा, असं मीच बजावलेलं. हातपंप आटला होता आणि मॅनेजरने बोअरला हात लावू दिला नाही. धान भिजवून सोडलेल्या पाण्याकडे त्यानेच बोट दाखवलं होतं. पण गांडूळ कातडीने श्वास घेतं. ते पाणी आंबलेलं असतं, त्यात हवा उरत नाही. बेडमध्ये ती गुदमरली.

मी शेठजींकडे गेलो. बोअरचे चार ड्रम पाणी द्या, निम्मी तरी वाचतील, म्हटलं.

"बोअर का पानी बॉयलर को लगता है, सर. केंचुओं के लिए मिल बंद करूँ?"

मी आवाज चढवला. त्यांनी चहा मागवला.

परत आलो तर फुलाबाई प्यायच्या पाण्याची कळशी ओतून जिवंत गांडुळं धूत होत्या. मीही बसलो. ओंजळीत वळवळणारी एकेक करून थंड पडत गेली.

पावसाळ्यानंतर मी त्या मिलमध्ये पुन्हा गेलो. शेडच्या जागी राखेचा ढीग होता. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईने टोपली खाली ठेवली. मी ओळखलं नाही. खोकल्यावरून ओळखलं.

"सर, गांडुळायले चढाले भिंत तरी होती," फुलाबाई म्हणाल्या आणि टोपली उचलून निघाल्या.

आता कुठल्याही मिलमध्ये गेलो की बोअरची चावी कोणाकडे असते, हे मी आधी विचारतो. गांडुळांचं नंतर बोलतो.