माहा जानेवारी

बुटाच्या पॉलिशचा वास आला की नव्या रायपुरातलं ते पेन्शनचं ऑफिस आठवतं. फौजेतून निवृत्त झालेल्या बाबांच्या डिस्चार्जच्या कागदांवर भरतीचा महिना जानेवारीऐवजी सप्टेंबर पडला होता. नोकरी कमी भरली आणि पेन्शन अडली. भरती होताना त्यांनी सहीखाली तारीख मराठी आकड्यांत घातली होती, हे कुणी ऐकूनच घेत नव्हतं. त्या दिवशी बूट लख्ख चमकवून बाबा नव्या, तरुण साहेबासमोर उभे राहिले आणि कागदावर १ २ ३ लिहून म्हणाले, "पढ़िए, साहब." "नाइन, टू, थ्री..." साहेब थबकला, हसला आणि तिथंच दुरुस्तीचा शेरा मारला. बाहेर येताच बाबा आपल्या वऱ्हाडीत ओरडले, "पोरी, माहा जानेवारी भेटला!" मी आजही सहीखाली तारीख मराठीतच घालते. वाचा म्हणावं नीट.