जुन्या गाडीची पूजा

मैत्रिणींनो, नाव लपवून लिहितेय, समजून घ्या.

आज दुपारी ह्यांच्यासोबत फ्रीगंजला पिक्चर बघायला गेले. त्यातला हीरो एका माणसाला गाडीने उडवून पळून जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या गाडीची पूजा करवून घेतो. पंडितजी विचारतात, "भैया, नई ली है क्या?" हा घाबरून "हां हां, बिलकुल नई" म्हणतो आणि बोनेटचा चेपलेला भाग हाराने झाकतो. अख्खा हॉल हसत होता. मीही पोट धरून हसले.

हसता हसता ह्यांच्याकडे बघितलं. हे हसत नव्हते. खुर्चीचा हात गच्च धरून बसले होते.

तेव्हा मला आठवलं. मागच्या आठवड्यात ह्यांनीही आमच्या जुन्या गाडीची पूजा करवून आणली. का, विचारलं तर म्हणाले, "असंच, मनात आलं." बोनेटवरचा झेंडूचा हार सुकला, तरी मला काढू देत नाहीत.

आम्ही माधव नगरला घरी आलो. गाडी बंद करून हेच म्हणाले, "अगं, कुत्रा होता तो."

मी काही विचारलंच नव्हतं.

आता हे आत चहा मागतायत आणि मी अंगणात गाडीसमोर उभी आहे. तुम्ही हा हार उचलून बघितला असता का?