तांदळात लिहिलेलं नाव

नोव्हेंबर आला की ते प्रकरण मला हटकून आठवतं. निवृत्तिवेतन घेणारे बँकेत हयातीचा दाखला देतात, तो हा महिना.

वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे मी कोलकात्यात वाढलो आणि इथल्याच पोलीस दलात लागलो. बालीगंज भागात ठाण्याचा प्रमुख असताना एक निनावी फोन आला. एक मराठी बाई लष्करातल्या मृत हवालदाराची पत्नी असल्याचं भासवून त्याचं निवृत्तिवेतन लाटते, असं सांगून माणसानं फोन ठेवला. बँकेलाही तोच संशय होता. खातं नवरा-बायकोचं संयुक्त असल्यानं आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; दाखल्याच्या वेळी मात्र दिसलं की लष्कराच्या नोंदीत पत्नीचं नाव एक आहे आणि बाईंच्या आधार कार्डावर भलतंच.

बाई मुलासह ठाण्यात आल्या. मुलगा न्यू टाउनला कंपनीत होता. आईच्या शाळेच्या दाखल्यावरून आपणच आधार काढलं, एवढं बोलून तो घाम पुसत बसला. फौजदारानं बाईंना नाव विचारलं. त्यांनी एक सांगितलं, मग दुसरं, मग मान खाली घातली.

फौजदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, स्वतःचं नाव सांगताना कोण गोंधळतं?"

त्याचा दोष नव्हता. बंगाल्यांत लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, नाव नाही. मी मराठीत विचारलं, "काकू, यातलं माहेरचं कुठलं?"

बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "शाळेतलं माहेरचं. दुसरं ह्यांनी ठेवलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं."

माझा जीव हलका झाला, पण क्षणभरच. खुलासा म्हणजे पुरावा नव्हे. जवान निवृत्त होताना पत्नीची नोंद होते, दोघांचा एकत्र फोटो लागतो, आणि त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन तिलाच मिळतं. तो फोटो मागवला. तो येईपर्यंत मला धड झोप नव्हती. आपल्या भाषेतली बाई म्हणून मी विरघळलो आणि ती खोटी निघाली तर?

जाताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पैसे राहू देत, साहेब. पण मी त्यांची बायको नव्हते, असं कुठं लिहू नका."

फोटो आला. गणवेशातला हवालदार, शेजारी तरुणपणीच्या याच बाई, भुवईवरच्या तिळासकट. मी फौजदाराला बोलावून तो दाखवला आणि दोघंही खुर्चीत टेकलो.

त्यानंतर कुणी स्वतःच्या नावापाशी अडखळलं, तर संशय लिहिण्याआधी मी त्याच्या घरच्या रीती विचारू लागलो. पोलिसाला कायदा ठाऊक असतो, घरं ठाऊक असतातच असं नाही.

फोटो आला त्या दिवशी मायलेकांनाही बोलावून तो दाखवला होता. मुलाचा विचार होता, आधार सगळीकडे जोडलेलं आहे, तेव्हा लष्कराच्या नोंदीतलंच नाव बदलून घेऊ. बाईंनी फोटो पदरानं पुसला.

"हे नाव त्यांनी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तू माझं कार्ड बदल."