नोव्हेंबर ते मार्च

चारुशीला पाटणकर मूळची कऱ्हाडची. पुण्यात बी.ए. करताना तिने हौसेने फ्रेंचच्या परीक्षा दिल्या आणि पुढे तीच तिची पोटापाण्याची विद्या झाली. नवरा, विश्राम, केंद्र सरकारच्या नोकरीत. नागपूर, डेहराडून, मग चंडीगड. दर बदलीला तिची नोकरी सुटायची आणि नव्या गावात ती पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहायची. सेक्टर तेवीसच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. एका खासगी शाळेत पहिली ते तिसरीला फ्रेंच शिकवायचं काम तिला मिळालं. वर्षभर कच्चं, काम बघून पुढे पक्कं.

एवढ्याशा पोरांना फ्रेंच कशाला, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, इथल्या अर्ध्या घरांतून कुणी ना कुणी कॅनडाला गेलेलं असतं, त्यामुळे आईबापांना ते हवं असतं. आणि शिकवायला सोपं जातं, कारण या वयात अर्थ समजावत बसावं लागत नाही. कानावर पडलं की जिभेवर येतं. ती शिकवायचीही तशीच. चित्राचं कार्ड वर धरायची, शब्द उच्चारायचा, मुलांनी मागून म्हणायचा. पॅं म्हणजे पाव. बॅं म्हणजे आंघोळ. मॅं म्हणजे हात.

दुसरीत इबादत नावाची एक मुलगी होती. चंडीगडला लागूनच्या मनीमाजऱ्याहून यायची. वडील बलकार सिंग यांचा इंडस्ट्रियल एरियात लेथचा छोटा कारखाना होता. मुलगी चुणचुणीत. अक्षर सुरेख, गणितात पुढे, हिंदीतही बरी. फक्त फ्रेंचच्या तासाला ती काहीच्या बाहीच बोलायची. पावाचं चित्र दाखवलं तरी मॅं, आंघोळीचं दाखवलं तरी मॅं. बोंजूरला मोंजू म्हणायची. वर्ग खदखदून हसायचा आणि मुलं हसली की तीही हसायची. चारुशीलाला वाटलं, पोरगी मुद्दाम करते. तिने आधी समजावलं, मग दटावलं, मग मागच्या दाराशी उभं करायला सुरुवात केली. जुलै ते ऑक्टोबर या काळात तिच्या डायरीत सात वेळा शेरा लिहिला. लक्ष देत नाही. मुद्दाम चुकीचं बोलते. वर्गाला हसवते. खाली प्रत्येक वेळी वडिलांची सही यायची आणि चारुशीलाच्या मते विषय तिथे मिटायचा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऐकण्याची परीक्षा होती. मुलांनी ओठ बघून ओळखू नये म्हणून चारुशीलाने तोंडासमोर पुस्तक धरलं आणि एकेक शब्द उच्चारायला लागली. मुलं वहीत चित्रांचे आकडे लिहीत होती. चौथा की पाचवा शब्द झाला असेल, इबादत जागेवरून उठली, टेबलापर्यंत आली आणि टाचा उंचावून तिने दोन्ही हातांनी ते पुस्तक हळूच खाली ओढलं. मग मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वर्ग हसला. चारुशीला रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला दिसलं की मुलगी या वेळी हसत नाहीये. ती वाट बघत होती.

डब्याची सुट्टी झाल्यावर तिने इबादतला थांबवून घेतलं, कागद आणि रंग दिले आणि स्वतः तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिने नाव घेतलं. मग जरा मोठ्याने घेतलं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात हाक मारली की बाजूच्या वर्गातली बाई डोकावून गेली. इबादत घराचं छप्पर लाल रंगाने भरत राहिली.

त्या दिवशी घरी येऊन चारुशीलाने सगळी जुळणी केली. हिंदी-पंजाबी बोलणं लहानपणापासूनचं, चार शब्द ऐकून, ओठ बघून पोरीला पाचवा ओळखता यायचा. फ्रेंचमध्ये अंदाज करायला आधार नव्हता. आणि पॅं, बॅं, मॅं म्हणताना ओठ तर सारखेच मिटतात. तिने आरशासमोर उभं राहून तिन्ही शब्द म्हणून पाहिले. म्हणजे पोरगी जे दिसेल ते प्रामाणिकपणे म्हणत होती. आणि आपण तिला आणखी लांब, दाराशी नेऊन उभं करत होतो.

दुसऱ्या दिवशी ती प्रिन्सिपल मॅडमकडे गेली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आप फ्रेंच की टीचर हैं, कान की डॉक्टर नहीं." पालकांना असं काही कळवलं आणि चुकीचं निघालं तर ते शाळेला कोर्टात खेचतील. बरोबर निघालं तर अशा मुलीला शाळेत का घेतलं म्हणून बाकीचे विचारतील. काही लिहायचं नाही, फोन करायचा नाही. मार्चमध्ये तुमचं कन्फर्मेशन आहे, त्याकडे लक्ष द्या.

चारुशीलाने हे विश्रामला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हे. पंधरा वर्षं बायकोची नोकरी आपल्यामुळे सुटते याचं त्याला ओझं होतं. तो म्हणाला, "मार्च होऊ दे. पत्र हातात पडलं की जा तू त्यांच्या घरी. तीन-चार महिन्यांनी काय बिघडतंय?"

त्यांची सातवीतली लेक मेघना जेवता जेवता ऐकत होती. तिला मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. तिने विचारलं, "पर उसको पता है क्या, कि उसको सुनाई नहीं देता?"

विश्रामने भाताचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

चारुशीलाने इबादतला पहिल्या बाकावर आणलं. तिच्याकडे तोंड करून बोलायला लागली. शेरे लिहिणं बंद केलं. एवढ्याने आपण काही करतोय असं तिला वाटत राहिलं. धुक्याच्या दिवसांत शाळा दोन आठवडे बंद होती. जानेवारीत उघडली तेव्हा इबादत पहिल्या बाकावरूनही चुकायला लागली होती. आता हिंदीतसुद्धा. फेब्रुवारीत एक दिवस ती आली ती गालावर बोटांचे वळ घेऊन. वर्गशिक्षिकेने आदल्या दिवशी डायरीत काहीतरी लिहिलं होतं. चारुशीलाने ते वळ पाहिले. ती दिवसभर शाळेत होती, ऑफिसात बलकार सिंगांचा नंबर होता, खिशात तिचा फोन होता.

पक्कं झाल्याचं पत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं. त्याच दुपारी ती मनीमाजऱ्याला गेली. बाजारामागच्या गल्लीत दुमजली घर होतं. इबादतच्या आईने चहा केला. बलकार सिंग कारखान्यातून आले, हात पुसत समोर बसले. चारुशीलाने सांगितलं की मुलीला ऐकू येत नाही असं मला वाटतं, लगेच तपासून घ्या. कधीपासून वाटतं ते ती बोलली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

बलकार सिंग उठले. मग त्यांनी फळीवरची डायरी काढून तिच्यासमोर ठेवली. म्हणाले, "मैडम जी, आपने ही तो लिखा था. हर बार मैंने इसको मारा है." आवाज चढलेला नव्हता. आईने तोंडाला ओढणी लावली.

तपासणीला ती दोघं चारुशीलाला सोबत घेऊन गेली. शिकलेली बाई बरोबर असावी, एवढाच हेतू. पीजीआयच्या मोठ्या इस्पितळात दिवस मोडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आतली नसच कामातून जात चालली आहे. उजवा कान जवळजवळ संपला आहे, डावा थोडा शिल्लक आहे, त्याला ऐकायचं मशीन लावू. ऐकणं असं टप्प्याटप्प्याने उतरतं. आणि जे शब्द कानावर पडत नाहीत ते या वयात जिभेवरूनही उतरतात. लवकर मशीन लागलं असतं तर बोलणं जास्त टिकलं असतं का, असं आईने विचारलं. काही प्रमाणात, बहुतेक, असं उत्तर मिळालं. मग कागद भरताना त्यांनी सहज विचारलं की पहिली शंका कुणाला आली, कधी.

चारुशीलाला मार्च म्हणता आलं असतं.

"मुझे," ती म्हणाली. "नवंबर में."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. बलकार सिंगांनी तिच्याकडे पाहिलं, बोटांवर महिने मोजले, आणि लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडले. आठ वर्षांची मुलगी, कडेवर घेण्याचं वय नव्हतं. आई मागून गेली. चारुशीला एकटीच ऑटोने परतली.

त्यानंतर तिला नीट झोप नव्हती. अखेर तिने हिंदीत एक पत्र लिहिलं. कोणत्या दिवशी काय पाहिलं, कुणाला सांगितलं, का गप्प बसले, वळ कोणत्या तारखेला दिसले, सगळं. लागलं तर हे शाळेविरुद्ध आणि माझ्याविरुद्धही वापरा, असं खाली लिहून सही केली. विश्रामने वाचलं आणि अडवलं नाही. कारखान्यात जाऊन तिने ते स्वतः हातात दिलं. बलकार सिंगांनी लेथचं मशीन बंद केलं, उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"ठीक है जी," ते म्हणाले. "अब आप मत आना."

त्यांनी ते पत्र कुठेही दिलं नाही. तिसरीपासून आणखी एक भाषा सक्तीची आहे, मुलीला झेपणार नाही, असं शाळेने एप्रिलमध्ये सुचवलं आणि त्यांनी दाखला काढून घेतला. पुढे शाळेच्या बसवाल्याकडून कळलं की इबादत आता खुणांची भाषा शिकवणाऱ्या शाळेत जाते. डाव्या कानाला मशीन आहे, पण बोलते फार थोडं. बापाने आठवड्यातून दोन संध्याकाळी कारखाना लवकर बंद करून खुणा शिकायला जायला सुरुवात केली आहे, जाड बोटं वळत नाहीत म्हणून तिथली पोरं हसतात.

चारुशीला अजून त्याच शाळेत आहे. नोकरी सोड असं मी तिला कधी म्हटलं नाही आणि तिनेही तो विषय काढला नाही. हे सगळं तिने मला एका रविवारी, गवार मोडता मोडता सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली की माफी मागायला गेले होते, पण पत्रात तो शब्द लिहायचाच राहिला. मग उरलेल्या शेंगा पुढे ओढून ती मोडायला लागली.