तिसऱ्या घोटाला येणारा भाऊ

"स्वल्प थांबा. दादा येतोय."

पेल्यातली लाल वाइन तोंडात घोळवत, डोळे मिटून, एक बोट वर धरून अण्णा असं म्हणायचे तेव्हा दुकानातलं सगळं थांबायचं. गिऱ्हाईक थांबायचं, मालक थांबायचे, भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबायचं. ते अर्थात एरवीही बंदच असे.

तुम्हाला वाटेल, दादा म्हणजे मागच्या दारानं येणारा कुणी नातेवाईक. नातेवाईकच, पण मरून बरीच वर्षं झालेला.

दुकान कंटोन्मेंटात, काळ पन्नासच्या दशकातला. मी बेळगावकडून आलेला, बिलं लिहायला. अण्णा बेंगळुरूचे जुने मराठे. "आमचे पूर्वज इकडे घोड्यावरून आले," असं सांगत ते रोज गवीपुराहून सायकल हाणत यायचे. त्यांचं काम एकच, चाखणं. स्पेनहून एका स्वस्त लाल वाइनची पिपं मद्रासला उतरत आणि रेल्वेनं आमच्याकडे येत. दोन-तीन जातींच्या द्राक्षांची ती मिसळ, आणि तिकडे जो कोणी ती करायचा त्याचा हात काही सरळ नसावा. एक पीप तुरट, दुसरं गोडसर. आम्ही दोन पिपांतलं जुळवून बाटल्या भरायचो, म्हणजे चव एकसारखी राही. घेणारे म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, चर्चमधले पाद्री, आणि डॉक्टरनं रक्तवाढीसाठी सांगितलंय असं शपथेवर सांगणाऱ्या म्हाताऱ्या मडमा. त्यातल्या एकीचं रक्त इतकं वाढलं होतं, की डास तिला चावून झिंगत माझ्या टेबलावर पडायचे.

कुठल्या पिपातलं किती घ्यायचं ते अण्णा ठरवायचे. आणि अण्णांना चव कळत नव्हती. लहानपणी विषमज्वरात नाक आणि जीभ दोन्ही गेली होती. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा घाईत सारात मिठाऐवजी खाण्याचा सोडा घातला. अण्णांनी तीन वाट्या ओरपल्या आणि वर फेसाचं कौतुक केलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे वाट्या पाहिल्यात.

खरा चाखणारा थोरला भाऊ. तो आमच्याच दुकानाच्या तळघरात, पिपाला पाठ टेकून, छातीत कळ येऊन गेला. जाताना धाकट्याकडे बघून म्हणाला, "तुझं कसं होणार रे?" मालकांनी दयेनं जागा धाकट्याला दिली. पहिल्या दिवशी अण्णांनी पेल्यातले दोन थेंब जमिनीवर शिंपडले, "आधी दादाचं" म्हणाले आणि प्यायले. पहिला घोट पाणी. दुसरा घोट पाणी. तिसऱ्याला मानेमागून गार वारा आला आणि तोंडात दिवे लागले.

"मी फक्त पितो," अण्णा मला सांगायचे. "चाखतो तो."

मी हसायचो. मग एका दुपारी त्यांच्याबरोबर तळघरात उतरलो. तिथं खिडकी नाही, झरोका नाही. तिसऱ्या घोटाला कंदिलाची ज्योत आडवी झाली, आणि दमलेला माणूस खाली बसताना सोडतो तसा एक श्वास अगदी माझ्या कानाशी ऐकू आला.

"भिऊ नकोस," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "तू नवा आहेस ना, बघतोय तुला."

मी वर कसा आलो ते मला माहीत नाही. जिना चढल्याचं तरी आठवत नाही.

दुकानापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण दादा घरीही यायला लागला. जेवायला अण्णा शेजारी दुसरं ताट मांडायचे आणि त्याच्याशी दुकानातल्या गप्पा मारायचे. बातमी गवीपुरात पसरली. मुलगी लग्नाची. बघायला येणारे पोहे खाऊन जायचे आणि निरोप यायचा, त्या घरात भूत दारू पितं म्हणे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पोहेही शिल्लक राहिले.

अक्का बोलायच्या कमी. त्या दिवशी बोलल्या. "तुमच्या दादांना पुतणीचं लग्न बघायचंय ना? मग आधी होऊ द्या की."

श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी दादाला शांत करायचं ठरलं. सामान उचलायला म्हणून मी बरोबर गेलो. पिंड ठेवला, शेजारी दादाच्या आवडीच्या स्पॅनिश वाइनचा पेला. झाडावर कावळे इतके, की फांद्या दिसेनात. पण एकही खाली येईना. अक्कांनी पदर पसरला. "भावजी, मुलीचं लग्न थाटात करू." कावळे ढिम्म. "तुमचा फोटो मोठा करून लावू." ढिम्म. भटजींनी उन्हाकडे पाहिलं. मीसुद्धा मालकांच्या वतीनं दोन-चार बाटल्या कबूल केल्या.

शेवटी अण्णा पुढे झाले. ओल्या धोतरानं उभे राहून, दुकानात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "दादा, माझी काळजी सोड. आता माझी मी चव बघेन. तू जा."

एक कावळा सरळ खाली आला.

अशा वेळी निघताना मागे वळून बघायचं नसतं. अण्णांनी बघितलं नाही. मी बघितलं. कावळ्याची चोच पिंडात नव्हती, पेल्यात होती.

मुलीचं लग्न त्याच वर्षी ठरलं. आणि दुकानात अण्णांची जीभ आंधळी झाली. तिसरा घोट यायचा नि जायचा. ज्योत सरळ. "स्वल्प थांबा" हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "थांबलो तर त्याला वाटेल मी बोलावतोय. अर्ध्या वाटेतून वळेल तो." तिसरा घोटही गटकन गिळायचे, "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचे आणि नशिबावर मिसळायचे. इंजिन ड्रायव्हर बाटली परत घेऊन आला. म्हणाला, हिनं इंजिन धुवा. मालक भले, पण भल्या माणसालाही दुकान चालवायचं असतं. "अण्णा," ते म्हणाले, "पुढचं पीप बघा. मग बोलू."

पुढचं पीप शेवटचं ठरलं. बाहेरच्या दारूची आयात सरकार बंद करत आणत होतं. आम्ही दोघं तळघरात उतरलो. अण्णांनी पेला भरला. दोन बोटं सवयीनं त्यात बुडाली, थेंब शिंपडायला उचलली गेली, आणि तिथंच थांबली. त्यांनी बोटं धोतराला पुसली.

पहिला घोट. दुसरा. तिसरा. वारा नाही, श्वास नाही. तुम्हाला सांगतो, मी एरवी भुतांना भितो. त्या दिवशी मी भुताची वाट बघितली.

अण्णांनी पेला खाली ठेवला नाही. चौथा घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसला.

"आंबट," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून पेला घेऊन चाखली. दात शिरशिरले. पीप साफ बिघडलं होतं, वाइनचा पार सिरका झाला होता.

"अण्णा, तुम्हाला कळलं."

"मलाच कळलं." ते बराच वेळ जिभेनं ओठ चाचपत राहिले. "म्हणजे तो खरंच गेला रे."

मग ते पिपाला पाठ टेकून खाली बसले, भाऊ बसला होता तिथंच. मी कंदील उचलून जिन्यापाशी उभा राहिलो.

त्यानंतर अण्णांना चाखायला काही आलंच नाही. पुढे अण्णाही गेले. ते पीप मालकांनी करवतून दोन केलं. त्यातलं एक अर्धं मी जयनगरात माझ्या घरी आणलं. तेव्हा तिथं माणसांपेक्षा साप जास्त होते, त्यामुळे कुणी हसलं नाही. अंगणात त्यात पाणी भरून ठेवतो.

दुपारी एक कावळा काठावर येऊन बसतो. एकदा चोच बुडवतो, दुसऱ्यांदा बुडवतो. तिसऱ्यांदा बुडवून मान वर करतो आणि तसाच राहतो, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. घरातले म्हणतात, हुसकावून लावा.

मी लावत नाही. हातातला चहा निवेपर्यंत स्वल्प थांबतो.