हात लागला तरी सोडणारी आत्या

आत्या गेल्याचं मला बँकेत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कळलं. सकाळी अंगण झाडून, चहा घेऊन ती जरा आडवी झाली ती उठलीच नाही. इंदिरानगरहून दिंडोरीच्या मळ्यात पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. भाऊबंद होते, तिच्या शाळेतले विद्यार्थी होते, आणि मी कधीच न पाहिलेली दहा-बारा माणसं कुंपणापाशी गप्प उभी होती. विलासदादाला, म्हणजे तिच्या मुलाला, मी हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "घोडेवाले आहेत. आईसाठी आलेत." त्या रडारडीतही माझी मान ताठ झाली... खोटं कशाला सांगू.

कुसुमआत्याने तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं. घोड्यांशी तिचा काही संबंध नव्हता. स्वभावाने ती तशी तुसडी. चहात साखर कमी पडली तर कप पुढे सरकवून द्यायची आणि कारणही सांगायची नाही. सहा वर्षांपूर्वी विलासदादाने हौसेने येवल्याच्या बाजारातून दोन वर्षांची एक तांबूस घोडी आणली. तिचं नाव मैना. गाडीतून उतरवताच ती बिथरली, हिसडा मारून पळाली आणि द्राक्षाच्या मांडवाच्या तारेत अडकली. मागचा पाय चांगलाच फाटला. कशीबशी तिला शेडमागच्या कुंपणात घेतली, पण त्यानंतर ती कुणाला दहा हातांच्या आत येऊ देईना. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, कुंपणाबाहेरूनच पाय पाहिला आणि म्हणाले, "जखमेत अळ्या पडतील. दोन दिवसांत औषध लागलं तर ठीक, नाहीतर पाय जाईल. पण आधी धरा तिला."

योगायोगाने मी त्या आठवड्यात मळ्यावर होते. ऑक्टोबरच्या छाटणीची माणसं हाताशी होती, त्यातले पाचजण दोर घेऊन आत शिरले. मैना धावली, घसरली, पुन्हा तारेवर आदळली. जखमेतून नव्याने रक्त यायला लागलं तशी आत्या ओसरीवरून उठली. "सगळे बाहेर व्हा," ती म्हणाली, "आणि दार लावून घ्या."

"आई, तुला नाय जमायचं. ती लय बिथरलीये," विलासदादा म्हणाला.

"तुम्हाला तरी कुठं जमलं?" असं म्हणून ती रिकाम्या हाताने आत गेली. साठी उलटलेली बाई, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला. समोरून न जाता ती तिरकी चालत घोडीच्या खांद्याच्या रोखाने गेली. मैनेने मान वर केली की आत्या थांबायची. मैनेने तिच्याकडे पाहिलं की पाठ फिरवून चार पावलं मागे यायची. पुन्हा जायची, पुन्हा मागे यायची. ऊन चढलं. मी कुंपणातून पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हटलं, आता पुरे कर. "थांब गं जरा. मी धरायला आलेली नाही, हे तिला अजून पटलेलं नाही," एवढंच म्हणाली. दिवसभर हेच चाललं, आणि घोडी काही जवळ आली नाही. जेवताना भाकरी मोडता मोडता आत्या मला म्हणाली, "उद्याही नाही आली, तर पुढं काय करायचं ते मला माहीत नाही." इतकी हळवी मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाठ फिरवून परत निघाली, आणि मैना लंगडत तिच्या मागे एक पाऊल आली. आत्या थांबली. मैना आणखी दोन पावलं टाकून तिच्या खांद्याशी आली... मग आत्याने न वळता हात मागे नेला, मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे जरासं खाजवलं आणि चक्क चालू लागली.

"अगं, हातात होती की. धरायची ना," विलासदादा कळवळला.

"धरली असती, तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. आज तिला कळलं, की हात लागला तरी सोडतात."

दुपारपर्यंत तिने मानेवर दोर टाकला आणि काढला, असं चारदा केलं. पाचव्यांदा तोंडावर दोराची मोरकी चढवली, तेव्हा मैना जागची हलली नाही. डॉक्टरांनी जखम धुतली तेव्हा घोडी थरथरत होती आणि आत्या तिच्या कानाशी पहिलीच्या मुलांशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत होती. पुढे महिनाभर रोज मलमपट्टी झाली. औषधासाठी एकदा धरलं, तर उगाच म्हणून तीनदा धरून सोडायचं, असा तिचा नेम. पाय वाचला. व्रण राहिला, पण मैना चौखूर धावायला लागली.

ही गोष्ट पसरली. निफाडकडून, लासलगावकडून लोक यायला लागले, "बाई, आमचं शिंगरू हाताला लागत नाय." आत्या टेम्पोत पुढे बसून जायची, दिवस-दोन दिवस राहून यायची. कुणी शाल-नारळ पुढे केला तर म्हणायची, "ते राहू द्या. आधी तुमचा दोर कुंपणाबाहेर ठेवा." बँकेत मी माझी ओळख घोडेवाल्या बाईंची भाची अशी करून द्यायचे, आणि लोक हसले तरी मला चालायचं.

परवा मळ्यावर गेले होते. आत्याच्या खोलीत तिच्या कॉटशेजारी तिचा जुना बटणांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. विलासदादा तो बंद करत नाही. मी तिथेच बसले असताना तो वाजला. दादाने आत येऊन उचलला.

"बाई नाहीत आता... हो, महिना झाला. मी त्यांचा मुलगा." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. दादा भिंतीकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "मी येतो उद्या सकाळी. वेळ लागेल, दोन दिवस धरून चाला. आणि तोवर त्याच्या मागं कुणी धावू नका."