एका नाटकाचे पाच शेवट

चहा येईपर्यंत एक सांगतो. पण आधीच बजावतो, मध्येच कोणी 'भाऊ, मग खात्री नव्हती का केली?' असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर हा किस्साच झाला नसता!

तुम्ही मला ओळखता. वाघ, हत्ती, धान, खड्डे... चंद्रपूर-गडचिरोलीत माणसाला ज्या ज्या गोष्टी छळतात त्या सगळ्यांवर मी लिहिलंय. माझा फोन आला की भलेभले साहेब अचानक मीटिंगमध्ये असतात. आणि या सगळ्या दराऱ्यामागे माझा एक नियम आहे: बातमी ज्याच्याबद्दल आहे त्याला छापण्याआधी काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. लपवालपवी करतो. कधीकधी तर खरं सांगून टाकतो आणि चांगली बातमी हातची जाते!

तर त्या हिवाळ्यात मी वडशाला गेलो होतो. धान कापून झालं की झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं लागतात, आणि ती नेणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं सगळी वडशात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टरं. पोस्टरवर रडणारी माय, मिशाळ पाटील, आणि दोघांच्या मधोमध, कथानकाशी काडीचाही संबंध नसलेली नाचणारी बाई. त्या दिवसांत टपरीवरचा माणूस दोनच गोष्टी बोलतो: काल कोणतं नाटक पाहिलं आणि आज कोणतं पाहणार. तिसरा विषयच नसतो, असं माझं ठाम मत होतं. बघा, 'होतं' म्हणालो.

मी चहा घेत होतो. पाठीमागच्या बाकावर दोघं समोसे खात बसले होते. एक पंकज, शालिकभाऊंच्या नाटक कंपनीत लाइटचं काम बघणारा. दुसरी त्याची आतेबहीण रोशनी, गडचिरोलीला कॉलेजात शिकते. मान खाली घालून बोलत होते. मला वाटलं, समोशाकडे बघतायत.

"तुह्यावाल्यात माय मरते का गा?" रोशनीने विचारलं.

"मरते ना! कितीक खेपा करून पाह्यलं, मरतेच."

"माह्यावाल्यात नाई मेली. पाटील मेला."

"काऊन वं? का केलं तू?"

"मायले वाचवाचं असंन तं आधी बहिणीले विहिरीत उतरवा लागते. मंग कंदील विझवाचा. मंग घंटा."

"अवं, मी तं घंटा आधीच वाजवली!"

"म्हणून मेली तुही माय."

मी कप खाली ठेवला आणि कान मागे लावले.

"किती शेवट आहेत एकूण?" पंकज.

"पाच. एकात सारेच मरतेत. अन् एकात कोणीच नाई मरत, पण थो लय कठीण आहे. अजून कोणाले जमला नाई. सांगू नको बरं कोणाले. लोकायले मालूम झालं तं मजाच जाते."

आता तुम्हाला कळलं. तुमच्या घरात पोरं आहेत, पोरांच्या हातात मोबाइल आहेत. ही दोघं कोड्यांच्या एका गेमबद्दल बोलतायत, तुम्ही जशी पावलं टाकाल तसा त्याचा शेवट बदलतो, हे तुम्हाला लगेच कळलं. मला काय कळलं? मला कळलं की शालिकभाऊ एकाच नाटकाचे पाच शेवट करून गावागावांत खपवतोय!

हसू नका, माझा तर्क तरी बघा. बोलणारा लाइटवाला. 'कंदील विझवाचा, मंग घंटा' हे लाइटवाल्याच्याच तोंडचं वाक्य नाही का? शालिकभाऊंच्या त्या सालच्या नाटकात माय, पाटील, बहीण आणि विहीर, सगळं होतं. (माय, पाटील, बहीण आणि विहीर कोणत्या नाटकात नसतात, हा विचार नंतर सुचला.) शिवाय आपल्याकडे फर्माइशीवर नाटक बदलतंच! नाटक ठरवणारं गावचं मंडळ म्हणालं की एक नाच वाढतो. सरपंचाचा साळा उशिरा आला की विनोदी प्रवेश पुन्हा होतो. मग शेवट का नाही बदलणार? एका चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्याच गाडीत बसणारी माणसं जिथे हारतुरे घेतात, तिथे एका नाटकवाल्याने शेवट फिरवला तर नवल कसलं!

मागे वळून पंकजला एक प्रश्न विचारता आला असता. शालिकभाऊंचं ऑफिस तर समोरच होतं, नुसता रस्ता ओलांडायचा. पण नियम म्हणजे नियम. मी रस्ता ओलांडला नाही.

बातमी मात्र दणक्यात लावली. 'एकाच नाटकाचे पाच शेवट! झाडीपट्टीच्या रसिकांची उघड फसवणूक.' आत लिहिलं, जिथे पाटलाचं वजन आहे तिथे पाटील जगतो, जिथे नाही तिथे मरतो. आणि गरीब वाड्या-टोल्यांच्या वाट्याला सगळे मरतात तो शेवट येतो, कारण शेवटच्या प्रवेशाला मग कलाकार कमी लागतात. हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही! ते माझ्या अनुभवातून आपोआप आलं. खाली 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' असं टाकलं. सूत्रं तोवर हात धुऊन घरी गेली होती.

बातमी छापून आली त्याच दुपारी शालिकभाऊंचा फोन. आवाज असा की घरात कोणी गेलंय.

"भाऊ, कुठी आहा? एकडाव ऑफिसात या जी."

मला वाटलं, आला वठणीवर! गेलो तर ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. खुर्च्यांवर आमटोला गावच्या मंडळाची माणसं, परवा त्यांच्याकडे नाटक लागायचं होतं. टेबलावर फोन, वाजतोय तो थांबतच नाही. कोपऱ्यात कुसुमबाई, कंपनीत मायचं काम करणाऱ्या, चिवडा खात शांत बसलेल्या. आणि मंडळाचे अध्यक्ष मनोहरजी उभे राहून माझी बातमी हवेत नाचवत होते.

"आमच्या शेजारच्या टोल्यात पाटील मारला म्हंते! अन् परवा आमच्या गावात मायले मारता? आमची माय का रस्त्यावर पडली?"

"अजी मनोहरजी," शालिकभाऊ काकुळतीला आले होते, "शेजारी बी मायच मेली. साऱ्या गावात मायच मरते. दुसरा शेवटच नाई!"

"मंग पेपरात आलं थे खोटं का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इथे, मंडळी, इथे मी 'थांबा, जरा तपासून बघू' असं म्हणायला हवं होतं. काय म्हणालो?

"माझी बातमी आजवर खोटी ठरलेली नाही!"

"बास!" मनोहरजींनी टेबलावर थाप मारली. "आमाले नवा शेवट पाह्यजे. कोणीच पाह्यला नसंन असा. नाई तं परवाचं नाटक दुसऱ्या कंपनीचं."

शालिकभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, आमटोल्याची तारीख गेली तं बाकीची गावं बी जातेत जी. सारे याइच्याकडंच पाहून राह्यले. कंपनी बसंन माही. कोणी सांगतलं तुमाले हे?"

"सूत्र सांगता येत नाही."

आणि तेवढ्यात सूत्र आत आलं! खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन. मी नजर फिरवली, पण उशीर झाला.

"मालक," कुसुमबाई चिवडा चावत म्हणाल्या, "भाऊ पंकजकडं पाहून राह्यले."

शालिकभाऊ गर्रकन वळले. "काऊन रे! तू सांगतलं शेवट पाच आहेत म्हणून?"

पंकजच्या खांद्यावरची वायर घसरली. "नाई जी मालक! म्या कायले सांगू?"

"खोटं बोलतोस?" मला आता चेव आला. "टपरीवर रोशनीशी कोण बोलत होतं? माय मरते, पाटील मरतो, विहीर, कंदील, घंटा! माझ्या या कानांनी ऐकलंय!"

पंकजने माझ्याकडे पाहिलं. आधी घाबरून. मग नवलाने. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या उभ्या आयुष्यात फक्त इतरांबद्दल लोकांच्या चेहऱ्यावर आणलं होतं. माझीच कीव करून माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं!

"अजी भाऊ, थो गेम होय!"

त्याने मोबाइल काढला. त्यात खरोखर एक घर होतं. विहीर होती, कंदील होता, घंटा होती, लुगड्यातली एक म्हातारी होती. मंडळाची अख्खी कार्यकारिणी मोबाइलवर वाकली.

गप्प बसेन तर मी कसला? म्हणालो, "गेमला कुठे पाच शेवट असतात? गेममध्ये एक जिंकतो, एक हरतो!"

"करून पाहा ना जी."

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. मी घंटेवर बोट ठेवलं. घर हललं, अंधार झाला, म्हातारी आडवी.

"पाह्यलं का!" कुसुमबाई म्हणाल्या. "भाऊनं हात लावला का मेली!"

शालिकभाऊंनी सुस्कारा सोडला. "अजी, आमच्या नाटकाचं नावच 'माय मेली उंबरठ्यावर' आहे. पोस्टरवर एवढालं लिवलं आहे. दुसरा शेवट आणाचा कुठून?"

पोस्टर माझ्या डोक्याच्या वरच, भिंतीवर चिकटवलेलं होतं. मी वर पाहिलं नाही.

वाटलं, सुटलो. मनोहरजी सोडतात होय! "गेम असो का काही असो. म्या गावात सांगून आलो, आपल्याकडं नवा शेवट येऊन राह्यला म्हणून. आता कोणत्या तोंडानं जाऊ? परवा नवा शेवट, नाई तं नवी कंपनी."

नाटकाच्या लेखकाला फोन लावले. तो जंगलातल्या कुठल्याशा गावी पाहुणा गेला होता, तिथे रेंज नाही. मग शालिकभाऊंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिवा, भाऊ. तुमीच म्हणता ना पाच. एक आहे आमच्यापाशी. चार तुमी द्या."

मला उलट बरं वाटलं! इतकी वर्षं रोज लिहितोय, चार शेवट म्हणजे काय! बसलो आणि भराभर लिहीत सुटलो. कुसुमबाईंनी कागद घेतला, पदर सावरला आणि आपल्या त्या प्रसिद्ध रडक्या आवाजात पहिला वाचला. त्यात माय वाचते, आणि लेक तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणतो: "विहिरीला कठडा नसल्याने ही वेळ ओढवली असून, संबंधित विभाग याकडे लक्ष देईल काय, असा सवाल ग्रामस्थांतून विचारला जात आहे."

टेबलावरचा फोनसुद्धा वाजायचा थांबला.

"भाऊ," कुसुमबाई म्हणाल्या, "हा मायच्या पायावर पडून ग्रामपंचायतीले काऊन बोलून राह्यला?"

"पुढचा वाचा," मी म्हणालो.

पुढच्यात पाटील मरत होता. छातीवर हात ठेवून तो म्हणतो: "मृतकाच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे."

"मरता मरता सोताच सांगते का जी?" मनोहरजींनी विचारलं.

तिसऱ्यात सगळे मेले होते. स्टेजवर बोलायला कोणी उरलंच नव्हतं, म्हणून मी पडद्यामागून आवाज दिला होता: "घटनेचा पुढील तपास पोलीस करीत आहेत."

"अन् कोणीच मरत नाई थो?" पंकजने विचारलं. "खाली तं कागद कोराच दिसते."

"कोणी मेलंच नाही तर लिहायचं काय?" मी चिडून म्हणालो.

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. कार्यकारिणी खुर्च्यांवरून घसरली. कुसुमबाईंना ठसका लागला. पंकज वायरच्या भेंडोळ्यावर लोळत होता. मनोहरजी डोळे पुसत म्हणाले, "शालिकभाऊ, आमाले पाटलावाला द्या! परवा पाटीलच मारा!"

मारला. आमटोल्याने त्याला वन्स मोअर दिला. पाटील मेला, उठला, पुन्हा मेला आणि पुन्हा आपला आप्तपरिवार सांगून गेला. तिसऱ्या खेपेला लोकांनी त्याच्याबरोबर नातवंडं मोजली म्हणे. मग बाकीच्या गावांनाही तोच शेवट हवा झाला. आमची रडवणारी नाटकं साऱ्या मुलखात नावाजलेली. त्यातल्या एकाचं मी प्रहसन करून टाकलं.

शालिकभाऊंच्या तारखा वाचल्या. पण ते म्हणाले, "भाऊ, 'फसवणूक' म्हणून लिवलं थे वापस घ्या जी. म्या कोणाले फसवलं नाई."

बरोबर होतं त्यांचं. मी आयुष्यातला पहिला खुलासा लिहायला बसलो. अगदी मनापासून लिहिला. बातमी चुकीच्या समजातून दिली होती, कंपनीने कोणाचीही फसवणूक केलेली नाही, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. पाठवून दिला आणि हलका होऊन पाय पसरले.

तेवढ्यात आमच्या संपादकाचा फोन. माझ्यापेक्षा कितीतरी लहान पोरगा.

"भाऊ, खुलासा मिळाला. चूक तुमचीच ना?"

"हो."

"बातमी तुम्हीच लिहिली होती?"

"हो ना! किती वेळा कबूल करू?"

"मग खुलाशाची शेवटची ओळ जरा वाचून दाखवता का?"

मी वाचली. "सदर प्रकरणातील दोषी व्यक्तीवर तातडीने कठोर कारवाई करावी, अशी मागणी परिसरातून जोर धरत आहे."



"मग भाऊ," तो म्हणाला, "करू का मागणी मान्य?"